कशेळीच्या सड्यावरचा हत्ती

आपल्या लोकांना एक वाक्य उच्चारणे फार जड जाते. रस्त्यात कोणाही गृहस्थाला पत्ता विचारून पाहा. ती गल्ली त्याने जन्मात ऐकलेली नसली तरी तो क्षणभर आकाशाकडे पाहील, हाताने हवेत दोन वळणे काढील आणि आपल्याला छातीठोकपणे भलत्याच दिशेला रवाना करील. ‘मला ठाऊक नाही’ हे तीन शब्द काही त्याच्या तोंडून निघणार नाहीत. यात लबाडी मुळीच नसते. विचारायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, अशी त्यामागे एक भली भावना असते. डेक्कनला जायचा माणूस त्या भलेपणापायी स्वारगेटला पोचतो, ही गोष्ट निराळी.

आणि आम्हा मास्तर मंडळींचे तर विचारूच नका. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘सर, कवीला इथं नेमकं काय म्हणायचं आहे?’ हा प्रश्न ऐकत वीस वर्षे काढली. आणि एकदाही ‘बाळ, मलाही ते पुरते उमगलेले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य झाले नाही. ग्रेस यांच्या कविता शिकवताना तर आरंभीची काही वर्षे मी मोठा बेमालूम अभिनय करीत असे. एकदा एक मुलगी तास संपल्यावर टेबलाशी येऊन म्हणाली, ‘‘सर, अर्थ कळत नाही, पण सोडवतही नाही.’’ कवितेविषयी माझ्या वर्गात कोणी काढलेला तो सर्वांत शहाणा उद्गार असावा. मी काय केले? तिला अर्थ सांगितला. चार मुद्द्यांत. बिचारीने तो उतरवून घेतला.

पण वर्गातले पाप लहान. घरी केलेले एक मोठे आहे, आणि आज ते सांगायचे आहे.

कॉलेजात असताना मी आगरकर वाचले. त्या वयात आगरकर वाचून ज्याला ताप चढत नाही, त्याने ते वाचलेलेच नसतात. घरातली देवपूजा मी त्याच वर्षी सोडली. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. दादांनी त्यावर एक अक्षर काढले नाही. माझ्या वाटणीची पूजा ते स्वतः करू लागले, एवढेच. चार वर्षांपूर्वी दादा गेले. दिवस धाकट्या भावाने केले. मी कपडे करून ऑफिसात यावे तसा तेथे बसत होतो. नवव्या दिवशी रात्री सगळे झोपल्यावर आई दादांचा स्वेटर घडी करीत बसली होती. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा तिने मान वर न करता विचारले, ‘‘हे आता कुठे असतील रे?’’

मी म्हणालो, ‘‘आई, माणूस गेला की संपलं. तो कुठेच नसतो.’’

‘‘असं होय,’’ ती म्हणाली. आणि स्वेटरची बाही नीट करू लागली.

मी खरे बोललो, खोट्या सांत्वनाचा मोह टाळला, असे समाधान मानून मी झोपलोही. पण त्यानंतर चार वर्षांत आईने हा प्रश्न मला पुन्हा विचारला नाही. हाच नव्हे, असल्या जातीचा कोणताच प्रश्न विचारला नाही. गॅसचा नंबर लावलास का, वीजबिल भरलेस का, असे प्रश्न मात्र राहिले.

गेल्या डिसेंबरात आईने कनकादित्याला जाण्याची इच्छा बोलून दाखवली. हे आमचे कुलदैवत. राजापूर तालुक्यात कशेळी म्हणून गाव आहे, तेथे हे सूर्याचे देऊळ. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करीत, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून गावखडीवरून रस्ता जातो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आंब्याच्या बागा. आई, मी, पत्नी आणि नववीतली कन्या असा आमचा लवाजमा होता. कन्येला देवळात विशेष रस नव्हता. तिला त्याच गावच्या सड्यावरचा हत्ती पाहायचा होता. आकाशातून घेतलेले त्याचे छायाचित्र तिने फोनवर जपून ठेवले होते.

देवळाची गोष्ट सुरेख आहे. सौराष्ट्रातल्या सूर्यमंदिरावर परचक्र येणार म्हणून मूर्ती गलबतात घालून दक्षिणेकडे नेत होते; कशेळीच्या किनाऱ्यासमोर गलबत अडले, काही केल्या हलेना. तेव्हा मूर्ती किनाऱ्याच्या घळीत ठेवून नावाडी निघून गेले. पुढे कनका नावाच्या गणिकेला दृष्टांत झाला, गावकऱ्यांनी मूर्ती आणून प्रतिष्ठा केली, आणि तिच्या नावावरून देव कनकादित्य झाला. एका गणिकेचे नाव देवाच्या नावाआधी लावायला गावाला संकोच वाटला नाही, हे मला नास्तिकालाही आवडते. शिवाय शिलाहार राजा दुसरा भोज याचा बाराव्या शतकातला ताम्रपट या गावाला मिळालेला आहे. म्हणजे गोष्टही आहे आणि कागदपत्रही आहेत. आईने ओटी भरली, पुजाऱ्यांनी तिच्या हातावर तीर्थ आणि तांबडे फूल ठेवले. मी बाहेर लाकडी खांबांचे कोरीवकाम पाहत राहिलो. असल्या जागी खांब पाहणे ही आम्हा न मानणाऱ्यांची जुनी सोय आहे.

तेथून आम्ही सड्यावर गेलो. वाट दाखवायला गावातले एक साठीचे गृहस्थ आले.

शहरी वाचकांसाठी सडा म्हणजे काय ते सांगायला हवे. कोकणात डोंगर चढून वर गेले की एकाएकी सपाटी लागते. मैलच्या मैल उघडा कातळ. हा जांभा दगड. लाखो वर्षांच्या उन्हापावसाने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्ये वाहून जातात, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहते, आणि हा तांबूस, भोकाभोकांचा दगड तयार होतो. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजी सेवेतल्या डॉक्टराने १८०७ साली मलबारच्या वर्णनात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे त्यावरून. कारण आतला दगड ओला असताना विटेसारखा कापता येतो आणि वारा लागला की कडक होतो. कोकणातली घरे या चिऱ्यांची. पण सड्याचा वरचा थर आधीच उन्हावाऱ्याने लोखंड झालेला असतो. डिसेंबरात त्यावर पिवळे वाळके गवत असते. पावसाळ्यात मात्र याच कातळाच्या भेगांतून ‘सीतेची आसवे’ नावाची जांभळी फुले दाटीने उगवतात. नाव इतके करुण, पण वनस्पती आहे कीटकभक्षी! बारीक किडे पकडून खाते. असो.

सड्यावर पोचल्यावर आम्हाला काहीही दिसले नाही. गवत, काळपट कातळ, दूर एक झाड. ते गृहस्थ चपला काढून हातात घेत होते. कन्येने विचारले, ‘‘इथे देव आहे का?’’

‘‘देव नाय गो. चपलेनं रेघा झिजतात.’’

आम्हीही चपला काढल्या. आई तेवढ्यात चार पावले पुढे गेली होती. मागून ते ओरडले, ‘‘आजी, जपून! हत्तीवर पाय पडंल!’’

आई दचकून मागे सरली. तिचा पाय लागलाच होता. तिने वाकून बोटांनी कातळाला स्पर्श केला आणि तीच बोटे कपाळाला लावली. गर्दीत कोणाला पाय लागला तर आपण करतो तसे. मग तिने खाली निरखून पाहिले, आणि आम्हालाही ती रेघ दिसली. एक-दोन बोटे खोल, ठाम, कोठेही न अडखळलेली. ती धरून आम्ही चालू लागलो. पाठीवरून डोक्याकडे, डोक्यावरून सोंडेकडे, सोंडेवरून पायांकडे. हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. मुंबईकरांना सांगायचे तर लोकलच्या एका डब्याहून थोडा कमी लांब, आणि चार मजली इमारत आडवी निजवावी इतका उंच. त्याच्या देहात आणखी जनावरे आहेत, पाखरे आहेत, मासे आहेत. शार्क आहे, पाकट आहे. समुद्र आणि रान अशी दोन्ही बिऱ्हाडे त्याने पोटात घेतली आहेत.

माझ्या मनात सर्वांत अधिक कोणती गोष्ट राहिली म्हणाल, तर ती ही की उभ्याने हा हत्ती कोठूनही पुरता दिसत नाही. शेपटीशी उभे राहिले तर सोंड गवतात हरवते. कन्येच्या फोनवर तो संपूर्ण दिसत होता, कारण ते चित्र यंत्राने आकाशातून टिपलेले. ज्याने तो खोदला त्याने तो वरून कधी पाहिला असण्याचा संभव नाही. तरीसुद्धा प्रमाण चुकलेले नाही. त्याने तो मनात धरला, पायांनी मोजला, आणि लोखंडासारख्या दगडात घाव घालीत गेला.

‘‘हे कोणी केलं हो?’’ आईने विचारले.

‘‘माहीत नाय.’’

‘‘कधीचं असेल?’’

‘‘माहीत नाय.’’

‘‘आणि कशासाठी?’’

‘‘त्ये पण नाय माहीत, आजी. आमच्या आज्यानंसुद्धा ह्ये असंच बघितलान.’’

शब्द लिहून काढले की ओशाळे वाटतात. पण त्यांचा स्वर तसा नव्हता. घरातली दुभती गाय पाहुण्याला दाखवताना शेतकऱ्याचा जो स्वर लागतो, तो होता. तीन वेळा ‘माहीत नाही’ म्हणताना त्या माणसाची मान एकदाही खाली गेली नाही. उलट, दर वेळी त्यांनी हत्तीकडे पाहिले. मी वीस वर्षे जे वाक्य टाळीत आलो होतो ते असेही म्हणता येते, हे मी प्रथमच ऐकत होतो.

अर्थात काहीच माहीत नाही असे नव्हे, आणि जे कळले आहे त्याचीही एक हकीकत आहे. अशी खोदचित्रे कोकणच्या सड्यांवर दीड हजारांवर सापडली आहेत. ती गुराख्यांना, वाटसरूंना पूर्वीपासून ठाऊक होती. पण २०१२ च्या सुमारास रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी ती पद्धतशीर शोधायला घेतली. रिसबूड व्यवसायाने इंजिनिअर. पुरातत्त्व हे काही त्यांचे पोटापाण्याचे काम नव्हे. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी सडे तुडवीत हिंडली. गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांना सांगितले की, घरी आजी-आजोबांना विचारा, कातळावर कुठे चित्रे पाहिलीत का? ही युक्ती मला फार आवडली. नातवंडांनी विचारले म्हणून म्हाताऱ्यांच्या आठवणी जाग्या झाल्या आणि त्या आठवणींच्या खुणेने कातळ सापडले. पुढे राज्याच्या पुरातत्त्व विभागाने लक्ष घातले. २०२२ साली कशेळी, बारसू, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसाईमळ अशा नऊ ठिकाणांची नोंद युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली.

वयाचा प्रश्न मात्र अवघड आहे. प्राचीन वस्तूंचे वय ठरवण्याची जी कार्बनची पद्धत, तिला एके काळी जिवंत असलेली वस्तू लागते; लाकूड, हाड, कोळसा. येथे तर काही ठेवलेलेच नाही, उलट दगड काढून टाकलेला आहे. नसलेल्या दगडाचे वय कसे मोजायचे? मग अनुमाने काढावी लागतात. चित्रांत शेतीचा मागमूस नाही, तेव्हा ही शिकार करून जगणाऱ्या माणसांची कामे असावीत. काही ठिकाणी गेंडा आहे. कोकणात आज गेंडा नाही, म्हणजे तो असतानाच्या काळातली असावीत. कोणी दहा-बारा हजार वर्षे मागे जातात, कोणी पुष्कळ अलीकडे येतात. हत्यार दगडाचे की लोखंडाचे, यावरही वाद होऊ शकतो. बारसूच्या कातळावर मधे एक माणूस उभा आहे आणि दोहों बाजूंनी दोन वाघ त्याच्याकडे झेपावले आहेत. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही दोन वाघांना दोन हातांनी आवरणारा माणूस आहे. या दोघांचे काही नाते आहे का? असेल, नसेलही. त्या मुद्रेवरची लिपीदेखील अजून वाचता आलेली नाही. एका कुलपाला दुसरे कुलूप लावून ते उघडत नसते.

आणि जेथे ज्ञान थांबते तेथे आपले ते पत्ता सांगणारे गृहस्थ हजर असतातच. कोणी सांगते, पांडव वनवासात इकडे आले होते, रात्री करमेना म्हणून चित्रे काढली. महाराष्ट्रात ज्याचा कर्ता सापडत नाही ते पांडवांच्या नावावर जमा करायची पद्धतच आहे. त्या पाच जणांनी तेवढ्या वर्षांत एवढे बांधकाम आणि खोदकाम केले असते तर वनवास कमी पडला असता. हल्लीच्या शिकलेल्या मंडळींना पांडव पटत नाहीत. ती परग्रहावरच्या लोकांना बोलावतात. वरून पाहिल्याशिवाय चित्र कळत नाही, म्हणजे वरून पाहणारे कोणी तरी असलेच पाहिजेत! मला यात पांडवांपेक्षा सुधारणा काही दिसली नाही. पांडवांना निदान कंटाळा तरी येत होता.

हसण्याचा भाग सोडा. या सगळ्यांची घाई एकच आहे. रिकामी जागा दिसली की ती बुजवायची. आणि सड्यावर उभा असताना मला हेही टाळता येईना की, नवव्या दिवशीच्या रात्री मी तेच केले होते. ‘तो कुठेच नसतो’ हे मला कोठून कळले होते? परलोक आहे असे मानायला मला कारण दिसत नव्हते, आजही दिसत नाही. पण कारण न दिसणे निराळे आणि जाऊन पाहून आल्याच्या थाटात सांगणे निराळे. आईने मला पांडव मागितले नव्हते. तिने एक प्रश्न विचारला होता, आणि मी तो स्वेटरसारखा घडी घालून कपाटात ठेवून टाकला होता.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९ वे सूक्त, नासदीय सूक्त, मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. श्याम बेनेगल यांच्या १९८८ च्या ‘भारत एक खोज’ मालिकेमुळे ते पुष्कळ घरांत पोचले. सृष्टी कशी झाली हे कोणाला ठाऊक आहे, असे विचारत विचारत सात ऋचांच्या शेवटी ऋषी म्हणतो की, वर बसून हे सारे पाहणाऱ्याला ते ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. ‘पाहा, आपल्याकडे केवढा जुना संशयवाद!’ असे मी मुलांना मोठ्या अभिमानाने सांगत आलो. एक गोष्ट मात्र कधी डोक्यात आली नव्हती. हे सूक्त जपले कोणी? लिहिण्याची सोय नसताना, स्वराचा एक हेलकावा न चुकवता, शेकडो पिढ्या ते पाठ करीत राहिले ते भाविकच होते. ज्या प्रश्नाला उत्तर नाही असे सूक्तच सांगते, तो प्रश्न त्यांनी तोंडी, सांडू न देता, मुलाच्या हवाली केला. मी मात्र त्याला एका वादाचे नाव देऊन पाच गुणांच्या टिपेत बसवला.

कातळाच्या कडेला बसून पाणी पिताना आई म्हणाली, ‘‘कोणी तरी शेंदूर फासायला हवा होता याला. म्हणजे कोणाची हात लावायची छाती झाली नसती.’’

हे आईचे भाबडेपण नव्हे, व्यवहार आहे. आपल्या देशात शेंदूर लावलेला दगड सुरक्षित असतो आणि न लावलेला दगड म्हणजे चिऱ्याची खाण. कोकणात खाणींनी, रस्त्यांनी, सुरुंग लावून केलेल्या कलमांच्या बागांनी किती सडे फुटले आहेत ते डोळ्यांनी दिसते. २०२३ च्या एप्रिलात बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरणाच्या नियोजित प्रकल्पासाठी माती-परीक्षण सुरू झाले, गावकरी रस्त्यावर आले, तेव्हा तो वाघांमधला माणूस शहरातल्या वर्तमानपत्रांत आला. प्रकल्प हवा की नको हा वाद येथे काढत नाही. सांगायचे एवढेच की देवळाला हात लावायचा म्हटले की लाख माणसे धावतात. ज्याचा देव कोणता हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी कोण धावणार?

गृहस्थ हसले. म्हणाले, ‘‘तसं एक-दोघं बोलले होते आजी. पण शेंदूर लावला की त्यो गणपती होनार. मंग हत्ती कुटं राहिला?’’

आई बराच वेळ गप्प होती. तिच्या मुठीत देवळातले तांबडे फूल होते. ते कातळावर ठेवील असे मला वाटले. तिने ते पदराला बांधून ठेवले.

मी त्यांना विचारले, तुम्ही येथे वारंवार येता का? ते म्हणाले, गुरे चारायला येत असे तेव्हा रोज; आता गुरे नाहीत, तरी येतो. पावसाळा सरला की रेघांत माती आणि गवत भरते, ते हाताने काढावे लागते. खुरपे चालत नाही, दगडाला ओरखडा जातो. कोणी सांगितले म्हणून काढता? नाही. पैसे मिळतात? ते पुन्हा हसले. मग मी मास्तरी थाटात विचारले की, उद्या संशोधकांनी याचे कोडे उलगडले तर? ‘‘चांगलंच हाय की,’’ ते म्हणाले, ‘‘पन गवत तरी काढायलाच लागंल.’’

आम्ही रात्री एका वाडीतल्या घरी उतरलो होतो. जेवणे झाली, पत्नी आणि कन्या आत गेल्या. पडवीत आई आणि मी. माडांच्या पलीकडे समुद्राची गाज चालली होती. आई म्हणाली, ‘‘केवढा जीव आहे रे त्या माणसाचा त्या हत्तीवर!’’

मी ‘हं’ म्हणालो. मग पुष्कळ वेळाने, वाक्य मनात तीनदा जुळवून म्हणालो, ‘‘आई, दादा कुठे असतील ते मला माहीत नाही.’’

चार वर्षे उशीर झाला होता. वाटले, ही म्हणेल, आता कशाला तो विषय? पण ती माझ्याकडे वळून काहीशा आश्चर्यानेच म्हणाली, ‘‘अरे, मला तरी कुठे माहीत आहे?’’

‘‘मग तू मला विचारलंस ते?’’

‘‘विचारलं. कोणाशी तरी बोलायचं होतं ना यांच्याबद्दल.’’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. तीच पुढे बोलत राहिली. दादांना लहानपणी पोहता येत नव्हते आणि ते त्यांनी लग्नानंतर दोन वर्षे लपवून ठेवले होते. कनकादित्याला पहिल्यांदा आले तेव्हा समुद्रात पाय बुडवून काठावरच कसे उभे राहिले. देवावर त्यांचा विश्वास होता का, हे तिला कधी नक्की समजले नाही. ‘‘पूजा करायचे ते. पण कधी कधी नुसतेच बसून राहायचे समोर. काय चाललं असायचं मनात, कोण जाणे.’’ चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारात तिने ते त्यांना विचारले नव्हते. दादांविषयी इतके मी जन्मात ऐकले नव्हते. समुद्राला भरती आली होती की ओहोटी लागली होती, कोणास ठाऊक. गाज मात्र वाढत गेली.

सकाळी निघण्याची गडबड होती. तर आईने सांगितले, आधी पुन्हा एकदा सड्यावर जायचे. उन्हे तिरपी असताना रेघांत सावली पडते आणि चित्र नीट उठून दिसते, असे त्या गृहस्थांनी तिला सांगितले होते. तसेच होते. आदल्या दुपारी जो कातळ मुका दिसला होता, त्याच्यावर सकाळी साडेसात वाजता सगळी जनावरे जागी झाली होती. आईने चपला गाडीतच ठेवल्या होत्या. ती कन्येचा हात धरून, रेघा चुकवीत, वाकून वाकून पाहत फिरत होती. मी आणि ते गृहस्थ कडेला उभे होतो.

अर्ध्या तासाने दोघी परत आल्या.

‘‘आम्ही मासे मोजले,’’ आई म्हणाली. ‘‘पण एकावर आमचं जमेना. ही म्हणते मासा, मी म्हणते पाखरू.’’

गृहस्थांनी कोणते ते विचारले, आणि आईने बोटाने दाखवले. ते गेले, वाकले, त्या रेघेवरची काडी फुंकून उडवली, आणि बराच वेळ पाहत राहिले.

‘‘त्ये आमच्यात पन भांडन हाय,’’ ते म्हणाले.

आई मोठ्याने हसली. ऊन वर येत होते. कन्या पुन्हा तिला ओढीत त्या माशाकडे, किंवा पाखराकडे, घेऊन गेली.